बडीशेपेच्या बशीतला पगार

सोयरिकीची बैठक होती. चटईवर एका अंगाला मुलीकडची चार माणसे, दुसऱ्या अंगाला मुलाकडची, मध्ये पोह्यांच्या बशा. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. मुलगा बारावी झालेला, निर्व्यसनी, बोलायला नम्र. कोल्हापुरात स्टेशनच्या बाजूला एका मोठ्या हॉटेलात वेटर. मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारले, "पगार किती?" मुलगा चटईची काडी उपटत गप्प बसला. तेव्हा त्याचे चुलते म्हणाले, "पगार तसा थोडाच हाय पाव्हणं, पण वरचं चांगलं सुटतं."

मुलीची आई आतल्या दारात उभी होती. पदर सावरून तिने विचारले, "वरचं म्हंजे काय ओ? त्ये म्हैन्याच्या म्हैन्याला येतंय, का कुणी दिलं तर येतंय?"

बैठकीत कुणालाच पटकन उत्तर देता आले नाही. विषय दुसरीकडे वळवला गेला, चहा आला, 'कळवतो' म्हणून माणसे उठली. आम्ही त्या बैठकीला हजर होतो. त्या माउलीचा प्रश्न मात्र आम्ही घरी घेऊन आलो, आणि आज तोच वाचकांपुढे ठेवत आहोत. कारण आपल्या वस्त्यांतली पुष्कळ मुले आज हॉटेलांत, खानावळीत, लग्नाच्या हॉलवर वाढप्याचे काम करतात आणि त्यांच्या घरची चूल या 'वरच्या'वर पेटते.

हे वरचे कसे मिळते, ते आधी पाहू. कोल्हापुरात शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. अंबाबाईचे दर्शन, रंकाळा, आणि मग तांबडा-पांढरा रस्सा. जेवण झाले की बिलाचे पाकीट आणि बडीशेपेची बशी टेबलावर येते. सुटे परत आले की गिऱ्हाईक त्यातली एखादी नोट बशीत ठेवते, कधी दोन नाणी ठेवते, कधी बडीशेप तोंडात टाकून तसेच उठते. वेटर चार पावलांवर उभा असतो. त्याने बघायचे नसते, पण त्याला दिसत असते. नोकरीवर घेतानाच मालकाने सांगितलेले असते, "पगार एवढा. टिप मिळंल ती तुझी." म्हणजे पगाराची उरलेली बाजू मालकाने अशा माणसावर सोपवली, जो अजून दारातून आत आलेलाच नाही.

आमच्या ओळखीच्या एका वेटर दादाला आम्ही पगार विचारला, तर तो हसला. "पगार विचारू नकासा. टेबल कंचं मिळतंय त्ये विचारा." एसी हॉलमधली टेबले वेगळी, बाहेरच्या बाकड्यांची वेगळी. कुणाला कुठले टेबल, हे कॅप्टन ठरवणार. कॅप्टनची मर्जी राखावी तर चांगले टेबल, त्याच्या तोंडाला तोंड दिले तर महिनाभर दारातला कोपरा. म्हणजे गिऱ्हाइकाच्या मर्जीआधी कॅप्टनची मर्जी आली. मग श्रावण येतो. मटणाच्या खानावळी ओस पडतात. पगार असतो तेवढाच राहतो, वरचे मात्र आटते. शाळेच्या वह्या-पुस्तकांची उधारी त्याच दिवसांत अंगावर असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेला महापूर आला, महामार्ग बंद पडला, शहरात बाहेरचे माणूस येईना. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तर हॉटेलांची शटरेच खाली आली. मालकांचे नुकसान झाले हे आम्हीही जाणतो. त्यांच्या नुकसानीचे निदान आकडे तरी लिहिले गेले. वेटरची टिप कुठल्याच पंचनाम्यात लिहिता येत नाही. जी कधी कागदावर नव्हतीच, ती बुडाली हे कशावरून सांगायचे?

आता मोबाइलवरून पैसे देण्याचा काळ आला. खिशात सुटे नसतात. गिऱ्हाईक गल्ल्यावरचा चौकोन मोबाइलने टिपते, बिलात दहा-वीस रुपये वाढवून म्हणते, "ते त्या पोराला द्या." ते मालकाच्या खात्यात जातात. तिथून पोराच्या हातात किती येतात, हे मालकाच्या नियतीवर.

आणि ही सगळी गोष्ट झाली पुढच्या माणसाची. मागच्या बाजूला काय चालते? आमच्या भगिनी ते चांगले जाणतात. सकाळी दहापासून चुलीपुढे बसून शे-दीडशे भाकऱ्या थापणारी बाई गिऱ्हाइकाच्या नजरेसही पडत नाही. 'भाकरी काय झकास होती' असे म्हणून बशीत नोट ठेवली जाते आणि ती उचलतो भाकरी नेऊन देणारा. मोरीवर खरकटी भांडी घासणाऱ्या मावशीच्या बोटांच्या बेचक्या सोड्याने आणि पाण्याने चिघळलेल्या असतात. तिला टिप कोण देणार? टेबल पुसणारा, संडास-बाथरूम धुणारा, कांदा चिरणारा, या कुणापुढेही बशी जात नाही. काही ठिकाणी वेटर मंडळी आपल्यातले थोडे काढून मागच्यांना देतात. ती त्यांची माणुसकी. पण एकाच छपराखाली पुढे कोण आणि मागे कोण, मोरीवर कुणाची बाई आणि गल्ल्यावर कुणाचा भाचा, हे बघायला जात विचारावी लागत नाही. नुसते आत डोकावले तरी कळते.

वेटर मंडळींतलेच काही आम्हाला म्हणतील, "साहेब, टिपंवर बोलू नका, आमच्या पोटावर पाय येईल. पगारापेक्षा टिप जास्त पडते." त्यांचे खरे आहे. चांगल्या हॉटेलात, चांगल्या टेबलावर, दिवाळीच्या सुटीत पगाराला लाजवील अशी टिप पडते. ती घेऊ नका असे म्हणणारे आम्ही नव्हे, आणि आपल्या हातून बशीत चार पैसे पडत असतील तर ते बंद करा असेही आम्ही सांगत नाही. आमचे भांडण आहे ते त्या टिपेला पगाराच्या जागी बसवण्याशी.

या भांडणाला आपल्या घरात जुना इतिहास आहे. वाडवडिलांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या त्यांना तो सांगायची गरज नाही, पण नव्या पोरांसाठी सांगतो. महार हा गावकामगार होता, सरकारचे काम करणारा. सरकारी टपाल न्यावे, साऱ्याच्या वेळी माणसे बोलावून आणावीत, अंमलदाराचा मुक्काम पडला तर त्याच्या घोड्यापासून सरपणापर्यंत राबावे. दिवस नाही, रात्र नाही. तो आजारी असला तर त्याच्या घरातल्याने जावे. या चाकरीबद्दल काय? वतनाचा जमिनीचा तुकडा, तोही भावकीत वाटून वाटून पायरीएवढा राहिलेला, आणि बाकी गावकऱ्यांकडून बलुते. हुकूम सरकारचा, मोबदला मात्र शेतकऱ्याच्या मर्जीवर! खळ्यावर उभे राहायचे, सूप पुढे करायचे, पडेल ते घ्यायचे. आपल्या माणसांनी मेलेले ढोर ओढायचे नाकारले, धुतलेले कपडे घातले, पोराला शाळेत घातले की गाव पहिली गोष्ट करी, ती म्हणजे बलुते बंद. मारहाण नंतर. भाकरीच दुसऱ्याच्या हातात असल्यावर काठी उचलायची घाई कशाला?

बाबासाहेबांनी हे दुखणे अचूक ओळखले होते. १९२७ साली महाडला त्यांनी आपल्या लोकांना मेलेले ढोर आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले, आणि लगेच पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. या चाकरीचा ठरलेला मोबदला मिळावा, नको असेल त्याला वतनातून मोकळे होता यावे, हा त्याचा गाभा. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. वतने कायद्याने जायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले. त्याच्या चाळीस वर्षे आधी, १९१८ मध्ये, आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी महार वतने खालसा करून त्या जमिनी रयताव्याने दिल्या होत्या, हे कोल्हापूरकर म्हणून आपण विसरता कामा नये.

हॉटेलचा धंदा आणि शाहू महाराज म्हटले की गंगाराम कांबळे यांचे नाव येणारच. गंगाराम हे संस्थानच्या पागेत चाकरीला होते. महाराज परगावी असताना, वरिष्ठ जातीच्या चाकरांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना फोडून काढले गेले. परत आल्यावर महाराजांच्या कानी हे गेले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली ती झालीच. पण गंगारामांचे काय? महाराज राजे होते. रुपयांची मूठ गंगारामांच्या ओंजळीत टाकून 'जा, बरे कर' म्हणणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. चाकरीतून मोकळे करून, भांडवल देऊन, स्वतःचा धंदा काढायला सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले. स्वच्छ होते, नीटनेटके होते. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराजांची गाडी हॉटेलापुढे थांबू लागली. महाराज चहा मागवून प्यायचे, बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. सहीसाठी मागे लागलेल्यांना तिथेच गाठायला सांगायचे, असेही जुने लोक सांगतात.

आम्हाला या गोष्टीत चहापेक्षा एक दुसरी गोष्ट मोठी वाटते. गंगारामांच्या हातात जे आले ते कुणाच्या खुशीचे दान राहिले नाही, चहाच्या कपाची किंमत झाली. दान देणारा हात आखडला की संपते. किंमत मागता येते.

मर्जीवर जगवण्याची ही तऱ्हा फक्त आपल्याच देशाची नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. निग्रो बांधवांची हार्लेम ही वस्ती त्या विद्यापीठाच्या शेजारीच. त्या काळी अमेरिकेच्या आगगाड्यांना पुलमन कंपनीचे झोपण्याचे डबे जोडत. त्या डब्यांत अंथरूण घालणारे, बूट पुसणारे, सामान उचलणारे बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. गुलामगिरी संपल्यावर मोकळे झालेले हात कंपनीने मुद्दाम निवडून घेतले होते. पगार तुटपुंजा, बाकी उतारूंच्या टिपेवर. आणि उतारू त्यांना नावाने हाकदेखील मारीत नसत. कंपनीचा धनी जॉर्ज पुलमन, म्हणून त्याचा प्रत्येक नोकर 'जॉर्ज'! आपल्याकडे नाही का, हॉटेलात पन्नाशीचा माणूस असला तरी 'ए पोऱ्या, पाणी आण'?

या हमालांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारपणाखाली संघटना बांधली. त्यांची मागणी जास्त टिपेची नव्हती. टिपेसाठी हसू पांघरून उभे राहावे लागणार नाही एवढा पगार द्या, कामाचे तास बांधून द्या, ही होती. कंपनीने बारा वर्षे दाद दिली नाही, माणसे काढली, हेर घातले. १९३७ मध्ये तिला करार करावा लागला. मात्र अमेरिकेच्या हॉटेलांत आजही जुने दुखणे शिल्लक आहे. टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची मजुरी तिथल्या केंद्रीय कायद्याने १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटवरच ठेवली आहे. इतर कामगारांची किमान मजुरी ७ डॉलर २५ सेंट आहे. कमी पडेल ते मालकाने भरून द्यावे असे कायदा म्हणतो, आणि काही राज्यांनी आपल्यापुरता हा भेद मिटवलाही आहे. पण एवढ्या श्रीमंत देशाच्या कायद्यातही बलुत्याला जागा मिळाली, ती मिळालीच.

आपल्या देशाच्या कायद्यात तशी जागा नाही. टिप मिळते म्हणून किमान वेतनातून काही कापून घ्यायची मुभा आपल्याकडे मालकाला नाही. किमान वेतनाचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले ते त्या वेळचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीच. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. राज्यघटनेच्या २३व्या कलमाने बिगार बंद केली आणि ४३व्या कलमात कामगाराला निर्वाह वेतन मिळावे, माणसासारखे जगता यावे, अशी दिशा राज्याला दाखवली. किमान वेतन आणि निर्वाह वेतन हे दोन वेगळे शब्द आहेत, हे ध्यानात ठेवा. किमान म्हणजे ज्याच्या खाली जाताच येत नाही ती पायरी. निर्वाह म्हणजे घरभाडे, दवाखाना, पोरांची शाळा, म्हातारपण यांसकट जगणे. आपण अजून पहिल्याच पायरीशी झगडतो आहोत. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमीवर राबवून घेणे हीसुद्धा २३व्या कलमाने बंद केलेली वेठच होय. भूक लागलेला माणूस कमी मजुरीला 'हो' म्हणतो तेव्हा तो खुशीने म्हणत नसतो, हे न्यायालयाने ओळखले. आणि टिप म्हणजे पगार नव्हे, हे त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये मोठ्या हॉटेलांच्या आयकराच्या खटल्यात म्हटले. गिऱ्हाइकाने खुशीने दिलेले पैसे ते. नोकरीच्या कराराने मालकाने द्यायचे ते हे नव्हेत.

१९४८ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. कामगार संघटनांचे त्या चारही संहितांविषयी पुष्कळ आक्षेप आहेत, आणि त्यातले काही आम्हालाही पटतात. पण तिच्यात आपल्या उपयोगाचे जे आहे ते उचलावे. मालकाने पगाराची चिठ्ठी दिली पाहिजे. ठरलेल्या तासांवर काम घेतले तर दुप्पट दराने पैसे दिले पाहिजेत. आणि पगार कमी दिला अशी तक्रार झाली, तर पूर्ण दिला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कोल्हापुरात सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. दराचा तक्ता तिथे विचारता येतो. एकट्याने जायला भीती वाटत असेल तर चारजणांनी जावे. मोरीवरच्या मावशीला बरोबर न्यावे. तिला हे कुणी सांगितलेलेच नसते.

चिठ्ठीचा एवढा आग्रह का, असे कुणी विचारील. समजा, एखाद्याला कागदावर बारा हजार पगार आहे आणि महिन्याला पाच-सहा हजार टिप पडते. घरखर्च सतरा हजारांवर बसवलेला. त्याला कावीळ झाली, महिनाभर अंथरुणाला खिळला. कामगार विमा लागू असेल तर आजारपणाचा भत्ता पगाराच्या ७० टक्क्यांनी मिळतो. दिवसाचे चारशे धरले तर दोनशे ऐंशी रुपये. टिपेचे सत्तर टक्के कुणी देत नाही. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो तो पगारातून, ग्रॅच्युइटी मोजली जाते ती पगारावर, बँक कर्ज देते ते पगार बघून. आणि कामावर असताना उकळत्या रश्श्याचे पातेले अंगावर पडून माणूस गेला, तर त्याच्या बायकोला मिळणारी भरपाईही पगाराच्या हिशेबानेच ठरते. ज्याचा पगार कागदावर नाहीच, त्याच्या बायकोने कशाच्या आधारावर मागायचे? मालकाकडून घेतलेली उचल तेवढी वहीत लिहिलेली असते. ती बरोबर सापडते!

हॉटेलवाल्यांचेही म्हणणे आहे. पगार वाढवला तर ताट महागेल, गिऱ्हाईक शेजारी जाईल. लहान मालकाच्या बाबतीत हे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. नवरा गल्ल्यावर, बायको चुलीवर आणि पोर टेबलावर, अशी कितीतरी खानावळ-घरे आहेत. त्यांचीच मजुरी निघत नाही. पण जिथे एसी हॉल आहे, पार्किंगला राखणदार आहे, तिथे हे गाऱ्हाणे शोभत नाही. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांनी तर 'सर्व्हिस चार्ज' म्हणून बिलातच रक्कम चढवायला सुरुवात केली होती. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसे आपोआप चढवायला मनाई केली. हॉटेलवाले न्यायालयात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई योग्य ठरवली. त्या वेळी हॉटेलवाल्यांचा एक युक्तिवाद असा होता, की हा पैसा कामगारांसाठी आहे. कामगारांसाठीच आहे तर तो पगारात घाला, ताटाची किंमत उघड लावा. गिऱ्हाईक ताटाचे पैसे देतेच आहे. त्यातला वाढप्याचा वाटा वेगळ्या बशीत कशाला?

धम्म याविषयी काय सांगतो? राजगृहात सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडत होता. तथागतांनी त्याला सांगितले, की दिशा म्हणजे माणसे. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी-मुले, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा श्रमण, आणि खालची दिशा म्हणजे घरातले नोकर-कामकरी. त्या दिशेलाही नमस्कार आहे, आणि तो नुसता हात जोडून होत नाही. धन्याने पाच गोष्टी करायच्या. ताकद बघून काम द्यायचे, जेवण आणि वेतन द्यायचे, आजारपणात काळजी घ्यायची, घरात खास काही झाले तर त्यात वाटा द्यायचा, आणि वेळेवर सुटी द्यायची. सिगालोवाद सुत्तातली ही यादी अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि आजच्या एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर लावली तर मालक दचकेल. तिच्यात वेतन आहे, बक्षिसी नाही. खास पदार्थाचा वाटा आहे, तोही धन्याने आपल्या ताटातून द्यायचा. पाहुण्याने टाकलेल्यातून नव्हे. दिवसभर मटणाची ताटे वाहणाऱ्या किती पोरांच्या पानात रात्री मटण पडते? आमटी-भातावर बोळवण होते, तीही सगळे गिऱ्हाईक उठल्यावर.

आपण उपासक दान देतो, भिक्खू संघाला देतो, विहाराला देतो. दान देणाऱ्याचे मन मोकळे करते, हे आम्ही मानतो. पण राबलेल्या माणसाचे पैसे देणे हे दान नाही. ते देणे आहे. ते थकवून वर चार नाणी टाकायची आणि पुण्य पदरात बांधायचे, हा हिशेब धम्मात बसत नाही.

आता थोडे आपल्या घराकडे वळू, कारण दुसऱ्याच्या हॉटेलाकडे बोट दाखवणे सोपे असते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, मुलाच्या पास होण्याला आपणही चारचौघांत हॉटेलात जातो. एके काळी जिथे आपल्याला बाहेर उभे करून वरून पाणी ओतले जाई, तिथे टेबलावर बसून मागवतो. छाती भरून येते, आणि ती यावी. पण त्याच भरात "ए, ऐकू येत नाही का रं?" असे आपल्याही तोंडून जाते. ज्याला ते ऐकवले तो आपल्याच शेजारच्या गल्लीतला असतो, नाहीतर नेपाळ-ओडिशाहून आलेला, आईला पैसे धाडणारा पोरगा असतो. नाव विचारायला पैसे पडत नाहीत. तेरा-चौदाच्या आतले पोर कपबशा विसळताना दिसले, तर त्याच्या हातावर रुपया ठेवून निघून जाऊ नये. हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे.

लग्नकार्यात तर आपणच मालक असतो. केटररशी ताटाचा दर ठरवताना घासाघीस करतो, अडीचशेचे दोनशे तीस करून आणले म्हणून सगळ्यांना सांगतो. ते वीस रुपये केटरर आपल्या नफ्यातून सोडत नाही; वाढणाऱ्या मुलींच्या आणि मोरीवरच्या बायांच्या रोजातून जातात. मग पंगत उठल्यावर वधूचे मामा त्याच मुलींच्या हातावर वीस-वीस रुपये ठेवतात आणि फोटो काढतात. आणि आपल्या समाजातले जे चार जण आज हॉटेलचे, केटरिंगचे मालक झाले, त्यांच्याविषयी आम्हाला अभिमान आहे. गंगारामांचे ते वारस. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. त्यांच्याकडच्या मोरीवरच्या मावशीला पगाराची चिठ्ठी मिळते का, एवढेच त्यांनी आम्हाला कळवावे. छापायला आम्हाला आनंद वाटेल.

त्या सोयरिकीचे काय झाले, असे वाचक विचारतील. मुलीकडून आठ दिवसांनी निरोप आला. मुलगा पसंत आहे, मात्र पगाराची चिठ्ठी दाखवा. निरोप मुलीच्या आईचा होता; वडील नुसते मान हलवत होते, असे मध्यस्थ म्हणाले. मुलाच्या घरी आधी राग आला. आपल्यावर विश्वास नाही का, वगैरे बोलणे झाले. मग मुलाच्या आईनेच, म्हणजे स्वतः पंधरा वर्षे एका मेसमध्ये भाकरी थापणाऱ्या बाईने, सगळ्यांना गप्प केले. "तिचं बरोबर हाय. मला कुणी असं विचारायला शिकिवलं असतं, तर मी बी विचारलं असतं."

मुलगा परवा बसस्टँडवर भेटला. दोन महिन्यांपासून तो आपल्या कामाचे तास खिशातल्या वहीत लिहितो आहे. मालकाकडे चिठ्ठी मागितली आहे. आणखी सहाजणांनीही मागितली आहे, त्यात भांडी घासणाऱ्या दोघीजणी आहेत. मालक 'बघू' म्हणाला आहे. येत्या पगाराच्या दिवशी सगळे मिळून पुन्हा विचारणार आहेत.